फाईल मिटल्यावर सांगितलेलं

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. ज्या गोळीसाठी मी आमच्या डोंगराकडच्या माणसांचे अंगठे घेतले, ती गोळी मी माझ्या आईला घेऊ दिली नाही.

आईचे गुडघे त्या सगळ्यांच्या गुडघ्यांइतकेच झिजलेले होते. वय बसत होतं, एक्स-रे बसत होता, आणि ती स्वतः मागे लागली होती. मी तिला सांगितलं, "तुझं वय जास्त होतं, डॉक्टर नाही म्हणाले." डॉक्टरांना मी विचारलंही नव्हतं. आई हसली आणि शेजारणीला म्हणाली, "डॉक्टरांच्या परीक्षेत मी नापास झाले बघ." मग एरंडाचं पान तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधून बसली.

मी तेव्हा नाशिकमधल्या एका खासगी दवाखान्यात कामाला होतो. हुद्द्याचं नाव होतं स्टडी कोऑर्डिनेटर. बाजारात यायच्या आधी नवं औषध माणसांवर तपासून बघतात. तशा तपासण्या आमच्या दवाखान्यात चालायच्या. पेशंट शोधायचे, त्यांना समजावून सांगायचं, संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा घ्यायचा, दर महिन्याला बोलावून विचारपूस करायची आणि ती फाईलमध्ये लिहायची, हे माझं काम. औषध देणारे मोठे सर. पण पेशंटशी बोलणारा मी.

मला ही नोकरी शिक्षणामुळे मिळाली असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. मुलाखतीत सरांनी विचारलं, "गाव कुठलं?" मी म्हणालो, "पेठच्या अलीकडे, घाटात." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिकडची बोली येते?" येते म्हटल्यावर पुढचे प्रश्न झालेच नाहीत.

नाशिकच्या पेठ नाक्यावर उतरणारी डोंगराकडची माणसं शहराच्या दवाखान्यात कशी येतात हे ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको. चपला बाहेर काढतात. खुर्ची दिली तरी भिंतीला टेकून उभी राहतात. डॉक्टरने काही विचारलं की बरोबर आलेल्या माणसाकडे बघतात. मी त्यांच्या बोलीत "कवा निघालां घरून?" म्हटलं की ती सैल व्हायची. मग गाव विचारायची, माझ्या बापाचं नाव विचारायची, आणि दहा मिनिटांत कुठलं तरी नातं निघायचंच. नातं निघालं की संमतीचं काम निम्मं झालेलं असायचं. याचा मला अभिमान होता. हे लिहिताना लाज वाटते, पण होता.

गुडघेदुखीची ती नवी गोळी आली तेव्हा सगळ्यात आधी आलेल्यांत एक बाई होती. ती माझ्या आजोळची निघाली. माझ्या आईची बालमैत्रीण. आईपेक्षा दोनेक वर्षांनी मोठी. आजोळची म्हणजे माझी मावशी, आणि मी तिचा भाचा. आमच्याकडे भाच्याच्या पाया पडतात. तिने दवाखान्यातच, सगळ्यांसमोर, वाकून माझ्या पायांना हात लावला. नर्स बघत राहिली.

संमतीचा कागद वीसेक पानांचा होता. कुणीतरी इंग्रजीवरून केलेलं मराठी. "आपण या अभ्यासात स्वेच्छेने सहभागी होत आहात." मी पहिलं वाक्य वाचलं आणि मावशी म्हणाली, "अभ्यास? आता या वयात शाळंत घालतो का काय भाच्या?"

मी हसलो. तीही हसली.

"इतका कागूद वाचाया वरीस जाईल रं. तू सांग ना काय ते."

मोठे सरही नेहमी तेच सांगायचे. "पान पान वाचत बसू नकोस. तुझ्या भाषेत सांग. तुझं ऐकतात ते."

त्या वीस पानांत तीन गोष्टी अशा होत्या की त्या सांगितल्या नाहीत तर बाकीचं सगळं सांगून उपयोग नाही. एक, या गोळीने काय काय होऊ शकतं हे अजून पुरतं माहीत नाही, तेच बघायचं चाललंय. दोन, निम्म्या लोकांना खरी गोळी मिळणार आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली. कुणाला कुठली, हे डॉक्टरलाही माहीत नाही. तीन, नको वाटलं तर कधीही सोडता येईल, आणि म्हणून कुणी उपचार थांबवणार नाही.

मी तिला माझ्या बोलीत काय सांगितलं? गोळी नवी हाय. फुकट हाय. एस्टीचं भाडं मिळल. दर महिन्याला मोठा डॉक्टर तपासल. आणि त्या तीन गोष्टी मी नंतर कॅमेऱ्यासमोर वाचल्या, पुस्तकी मराठीत, भराभर. अडाणी पेशंट असेल तर संमती देताना त्याचं चित्रण करावं लागायचं. तो नियम त्यांच्याच भल्यासाठी होता. चित्रणात मी विचारताना दिसतो, "आपल्याला हे समजलं का?" आणि मावशी मान हलवताना दिसते. कॅमेरा सुरू करायच्या आधी मी तिला सांगून ठेवलं होतं, "मी इच्यारलं का हो म्हणायचं." शेजारी कुणीतरी तटस्थ साक्षीदार बसलेला लागायचा. एक्स-रेच्या खिडकीवरचा माणूस दुपारी जेवणाच्या सुट्टीत येऊन सगळ्या कागदांवर एकदमच सह्या करून जायचा.

अंगठा शाईला लावायच्या आधी ती थांबली.

"आधी कोणी खाल्ली हाय ना ही गोळी?"

"लय जणांनी," मी म्हणालो. शब्दशः घेतलं तर ते खोटं नव्हतं. तपासणीच्या आधीच्या टप्प्यांत बऱ्याच जणांना दिलेली होती.

"तुझ्या आईला देतोस का?"

"तिलाच आधी देणार व्हतो. पन तिचं वय बसंना."

"मी मोठी ना रं तिच्यापरीस! मंग माझं कसं बसलं?"

मी शाईचा पॅड तिच्याकडे सरकवला. मग म्हणालो, "तुझं आधार कार्डावर कमी लिवलंय."

ती एवढी हसली की तिला ठसका लागला. आमच्याकडे आधार काढायला आलेल्या पोराने अख्ख्या गावाचा जन्म एक जानेवारीला लावलेला आहे, आणि वर्षं चेहऱ्याकडे बघून. "बरं झालं मेल्यानं मला तरणी केली," ती म्हणाली, आणि हसत हसतच तिने अंगठा उठवला.

आईशी बोललेलं एक खोटं मी मावशीकडे चालवलं. एकाच खोट्याने एकीला गोळीपासून वाचवलं आणि दुसरीला ती गिळायला लावली. तेव्हा हे असं मनात आलं नव्हतं. तेव्हा वाटलं, चला, आजचे तीन पेशंट झाले.

आता दर महिन्याच्या विचारपुशीबद्दल सांगायला हवं, कारण खरा गुन्हा तिथे झाला.

आमच्या डोंगराकडे एक रीत आहे. तिला रीत म्हणतात हेही आम्हाला माहीत नसतं, इतकी ती अंगात असते. बसलेल्या माणसाने आपलं दुखणं सांगायचं नसतं. कुणाच्या घरी गेलं, घोंगडी टाकली, पाणी दिलं, कशी हायेस विचारलं, की "बरी हाय." मग पाऊस, नागली, कुणाचं लग्न, कोण द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेलं. तासभर हेच. ज्या कामासाठी माणूस आलेला असतो ते बाहेर येतं उठल्यावर. उंबऱ्यावर, एक पाय आत एक बाहेर, चौकटीला हात लावून: "आनि ते एक व्हतं..." पोरगी सासरहून परत आली, बैल गेला, छातीत दुखतं, सगळं उंबऱ्यावर. बसून सांगणं म्हणजे समोरच्यावर ओझं टाकणं. उभ्याने सांगितलं की त्याला नुसतं "बरं, बघू" म्हणून मोकळं होता येतं. माझ्या घरी आलेले पाहुणे असेच बोलायचे. आईही तशीच. मी याच रीतीत वाढलो.

दवाखान्यात मी पेशंटला खुर्चीत बसवायचो, फाईल उघडायचो, आणि विचारायचो, "गेल्या महिन्यात काही त्रास?"

"नाय. बरा हाय."

"तक्रार नाही," मी लिहायचो, सही करायचो, फाईल मिटायचो. मग पेशंट उठायचा आणि दाराशी थांबायचा.

अगदी सुरुवातीला मी एकदा प्रामाणिकपणे फाईल पुन्हा उघडली होती. एका म्हाताऱ्याने दारात सांगितलं की जीभ सारखी कोरडी पडते. मी ते लिहिलं. त्यानंतर त्या कोरड्या जिभेने मला तीन आठवडे छळलं. वेगळा फॉर्म, सरांचा शेरा, औषध कंपनीतून फाईली तपासायला येणाऱ्या बाईंचे प्रश्न, त्या प्रश्नांची उत्तरं, उत्तरांवर प्रश्न. "आधी 'तक्रार नाही' लिहिलंय आणि त्याच दिवशी खाली तक्रार. हे कसं?" कसं ते मी त्यांना काय सांगणार? आमच्याकडे दुखणं दारात सांगतात म्हणून? सर म्हणाले, "अरे, आधी नीट विचार ना, मग लिही." बरोबर होतं त्यांचं. उठून, दाराशी जाऊन, वाट बघून मगच लिहायला हवं होतं. अख्ख्या दवाखान्यात हे माहीत असलेला मी एकटा होतो. त्यासाठीच तर मला घेतलं होतं.

मी उलट शिकलो. फाईल लवकर मिटायला शिकलो.

दुसऱ्या भेटीला मावशी आली तेव्हा माझ्यासाठी कापडाच्या पिशवीत कुळीथ घेऊन आली होती. गुडघा? बरा. झोप? बरी. जेवण? बरं. मी लिहिलं, मिटलं. ती उठली, पदर सावरला, दाराच्या फळीला हात लावला.

"आनि ते एक... सकाळच्याला उठते ना, तवा डोळ्यांपुढं अंधारी येते. घटकाभर. मंग बरी होते."

"उन्हाचं आलीस ना एस्टीनं. पानी पीत जा," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

तिसऱ्या भेटीला तेच. फक्त या वेळी ती म्हणाली, "दोनदा भितीला धरून बसले." आणि लगेच वर, "पन गुडगा बरा हाय हां! गोळी चांगली हाय तुझी." तिला वाटलं मला वाईट वाटेल. गोळी मी दिली होती, मी भाचा होतो, तेव्हा गोळीला नावं ठेवणं म्हणजे मला नावं ठेवणं. मी तिच्या हातात पुढच्या महिन्याची डबी दिली.

त्या संध्याकाळी घरी आईने पुन्हा विषय काढला. "तिला चांगला गुण आलाय म्हणतात. बघ ना परत विचारून." मी एकदम चिडलो. "एकदा सांगितलं ना, नाही बसत!" आईने एरंडाचं पान तव्यावर टाकलं. माझा आवाज का चढला हे मला तेव्हाच कळलं होतं. "डोळ्यांपुढे अंधारी" हे शब्द माझ्या कानात होते, आणि माझ्या आईने भिंतीला धरून बसलेलं मला चालणार नव्हतं.

चौथ्या भेटीला मावशी आली नाही. आवणीचे, भात लावायचे दिवस होते, म्हणून मी आठवडाभर वाट बघितली. मग फोन लावला, सुनेने उचलला. म्हातारी पडली म्हणाली. सकाळी सकाळी भाताच्या रोपांच्या मुठी डोक्यावर घेऊन बांधावरून चालली होती, तिथून खाली. खुब्याला लागलं. गावाकडच्या हाडवैद्याकडे नेलं, त्याने बांधून दिलं.

मी सरांकडे गेलो.

"दवाखान्यात भरती केलं होतं?"

"नाही सर. हाडवैद्याकडे."

"आधी कधी चक्कर, अंधारी, असं काही? नोंद आहे का?"

सरांनी विचारलं होतं. हे मला मान्य केलंच पाहिजे. त्यांना खरं उत्तर हवं होतं की नको होतं, ते मी आजही सांगू शकत नाही. पण प्रश्न आला होता, आणि खोलीत आम्ही दोघंच होतो.

"नोंद नाही सर," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं: शेतात काम करताना घसरून पडली, औषधाशी संबंध नाही.

उरलेल्या गोळ्या परत घेऊन मोजाव्या लागतात, म्हणून मला तिच्या गावी पाठवलं. घाट चढून गेलो. मावशी पडवीत खाटेवर होती, कमरेला पट्ट्या, त्यांवर कसला तरी पाला. मला बघून तिने उठायचा प्रयत्न केला आणि पहिलं वाक्य बोलली ते हे:

"तारीख चुकली रं माझी. रागावू नको. डॉक्टर बोलला का तुला?"

सून चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "बघून चालत नाय, दुसरं काय. बांध रोजचाच, पाय रोजचेच. ऐन आवणीत आम्हांला दोन हात कमी करून ठेवले."

"माझंच चुकलं," मावशी म्हणाली. "ध्यान नव्हतं."

"ध्यान कवा असतं! निस्तं नाशिकला फिराया पाहिजे. भाच्याकडं."

मुलगा दारात बसून विडी ओढत होता. मी बोलायला हवं होतं. एवढं एकच वाक्य की, हिला आधीपासून चक्कर येत होती आणि ते हिने मला दोनदा सांगितलं होतं. सून चुलीपासून उठून आली असती, मुलाने विडी टाकली असती, आणि पुढचं सगळं वेगळं झालं असतं. तिला कदाचित नाशिकला आणून नीट उपचार झाले असते. चौकशी झाली असती. माझी नोकरी गेली असती.

"डबी कुठंय मावशी?" मी विचारलं.

तिने उशाखालून काढून दिली, फडक्यात गुंडाळलेली. पडल्यानंतरही तिने तीन दिवस गोळी घेतली होती. भाच्याचं काम अडू नये म्हणून. नंतर सुनेने बंद केली.

चहा झाला. मी निघालो. तिला उठता येत नव्हतं, त्यामुळे उंबऱ्यापर्यंत कोणी आलं नाही.

तिला खरी गोळी मिळाली होती की खोटी, मला माहीत नाही. ती गोळीमुळे पडली की बांध ओला होता, हेही माहीत नाही. आता ते कुणालाच कळणार नाही. ते कळण्यासाठीच तर सगळा खटाटोप होता: इतकी माणसं, इतके महिने, इतके कागद. कुठेतरी कुणीतरी ते सगळं एकत्र करून बघणार होतं की या गोळीने चक्कर येते का. त्याला माझ्या फाईलमध्ये "तक्रार नाही" मिळालं. मावशीच्या बाबतीत, आणि दारात थांबलेल्या बाकी सगळ्यांच्या बाबतीत. ती गोळी पुढे बाजारात आली का, हे मी कधी शोधलं नाही. औषधाच्या दुकानात गेलो तर मागच्या कपाटाकडे बघायचं टाळतो.

वर्षभराने मी ती नोकरी सोडली. पश्चात्तापाने सोडली असं लिहावंसं वाटतं. तसं नाही. दुसरीकडे, औषधांच्या गोदामात, चांगली जागा मिळाली म्हणून सोडली.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. दिवसकार्याला आजोळची माणसं जीप करून आली, त्यांत मावशी होती. काठीवर, एक पाय ओढत. जीपमधून तिला दोघींनी उतरवलं. माझ्या बायकोला जवळ घेऊन ती बायकांत बसली आणि आईच्या आठवणी निघाल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला उभा होतो.

"लय हट्टी बाई," मावशी सांगत होती. "गुडग्यानं बेजार, पन बोलायची नाय. एकदा मला म्हनली, माझा पोरगा मला ती गोळी देईना, तुला देतो. तू नशिबाची."

बायका हसल्या. एक म्हणाली, "आईला नाय आनि मावशीला दिली! कसा रं तू?"

"जपलं त्यानं मला," मावशी म्हणाली. "एस्टीत बसवून द्यायचा. पानी पीत जा म्हनायचा. माझाच पाय चुकला, त्याला त्यानं काय करावं?"

मावशीची सून शेजारीच होती. ती म्हणाली, "आताबी तेच. धड बघून चालंल तर शप्पथ." ती हे चिडून म्हणाली नाही, सवयीने म्हणाली. इतक्या वर्षांत त्या घरात ते पक्कं झालंय की म्हातारी बेफिकीर आहे, ऐन आवणीत स्वतःच्या चुकीने पडली आणि घरावर भार झाली. नातवंडंही तिला तसंच चिडवतात. आणि मावशीने ते खरं मानलंय. तिला स्वतःला चक्कर आठवत नाही असं नाही. पण भाच्याने "उन्हाचं आलीस" म्हटलं होतं, दवाखान्यातल्या शिकलेल्या माणसाने म्हटलं होतं, म्हणजे चक्कर काही नव्हती, म्हणजे चूक तिचीच.

तांब्या घेऊन मी आत गेलो. त्या दिवशीही बोललो नाही. म्हटलं, दिवस कसला, बोलायचं काय. तेव्हापासून दोनदा पेठच्या गाडीत बसलो. एकदा घाटाच्या अलीकडे उतरलो. एकदा गावापर्यंत गेलो, गहू आणि साखर देऊन आलो, आणि मावशीने जाताना मला पुन्हा नमस्कार केला.

लोक म्हणतील, आता सांगून काय होणार? पाय बरा होणार नाही. खरं आहे. पण पायाचं मी बोलतच नाही.

मी जे देणं लागतो ते एवढं आहे. तिच्या पडवीत, तिच्या मुलासमोर आणि सुनेसमोर, तिला सांगायचं की ती गोळी अजून तपासली जात होती आणि हे मी तिला कळेल असं सांगितलं नाही. की तिने चक्कर येते म्हणून दोनदा सांगितलं होतं आणि मी ते लिहिलं नाही. की ती बेफिकीर नव्हती. आणि हेच सगळं, माझ्या नावासकट, अशा तपासण्यांवर नजर ठेवणाऱ्या त्या दवाखान्याच्या समितीला लेखी कळवायचं. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.